आईच्या शेगडीवर उकळलेला कप

आई कामावरून दुपारी तीनच्या सुमारास यायची. चपला दाराबाहेर काढायची आणि कुठेही हात न लावता सरळ मोरीत शिरायची. मोरी दाराला लागूनच होती, पडदा लावलेली. मी घरी असले तर बादली भरून पडदा बाजूला सरकवून ठेवायचे, म्हणजे तिला पडद्यालाही हात लावावा लागू नये. कामाची साडी तिथेच पावडरच्या पाण्यात बुडवायची. मग अंघोळ. अंघोळ झाली की पिळलेल्या लिंबाची साल हातांना चोळायची, नखं जुन्या ब्रशने घासायची आणि शेवटी बोटं नाकाशी धरून वास घ्यायची. मनासारखं झालं नसेल तर पुन्हा साबण. एवढं झाल्यावरच ती ओट्याकडे यायची. तोवर माठालाही शिवत नसे. उन्हाळ्यात फार तहान लागली असेल तर दारात ओंजळ करून उभी राहायची आणि मी वरून पाणी ओतायचे. माणसाला वरून पाणी ओतून पाजण्याचा अर्थ मी पुढे शाळेच्या पुस्तकात वाचला. आमच्या घरात तो नियम आईनेच आईला लावून घेतला होता.

घरात आम्ही दोघीच. वडील मी चौथीत असताना गेले. कात्रजच्या चढावर पत्र्याच्या दोन खोल्या, संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. आईचं काम सोसायट्यांमधला कचरा गोळा करण्याचं. सकाळी सहाला निघायचं, चार-चार मजले चढून घरोघरच्या बादल्या रिकाम्या करायच्या, ढकलगाडी शेडपर्यंत न्यायची आणि तिथे बसून ओला वेगळा, सुका वेगळा, सुक्यातला कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं करायचं. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं. कॉलेजात मी आई हाऊसकीपिंगला आहे असं सांगितलं होतं. कुठे, असं कुणी विचारलं की एका कंपनीत म्हणायचे आणि विषय बदलायचे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढे मीच ती सांगायची विसरले. विसरले असं म्हणणंही खरं नाही. आमच्या घरात पाळीत बाजूला बसणं कधीच नव्हतं. मला पहिली पाळी आली त्या दिवशी मी आपणहून कोपऱ्यात जाऊन बसले होते, कारण शेजारच्या घरात तसं पाहिलं होतं. आई आली, अंघोळ करून बाहेर आली, मला बघितलं. काय झालंय ते विचारलं, कपाटातून स्वतःची एक धुतलेली घडी काढून दिली आणि भाकरी थापायला बसवलं. दोघींच्या घरात एक बाजूला बसली तर दुसरीनं एका हातानं थापायच्या का, असं काहीतरी म्हणाली. मी थापलेली ती भाकरी जाड झाली होती आणि आईने ती खाल्ली होती. एवढंच. नंतर त्यावर बोलणं झालं नाही. पुढे माझ्यासाठी पॅडचं पाकीट यायला लागलं. स्वतः मात्र ती कापडच वापरत राहिली.

पॅड मी वर्तमानपत्रात गुंडाळायचे. शेजारच्या काकू आम्हाला जुनी वर्तमानपत्रं द्यायच्या. त्यातली नोकरीच्या जाहिरातींची पानं मी या कामाला वापरायचे, कारण बाकीची वाचून व्हायची असत. वर जुन्या ओढणीच्या हिरव्या चिंधीची गाठ मारायची आणि दाराजवळच्या डब्यात टाकायचं. डबा सकाळी रिकामा झालेला असायचा. तो कोण रिकामा करतं याचा मी कधी विचार केला नव्हता. घंटागाडी आमच्या चढावर येत नाही, हे मला माहीत असूनही.

बारावीच्या परीक्षेनंतर आईची जोडीदारीण लग्नासाठी गावी गेली. गाडी एकटीला ओढत नाही म्हणून आठ दिवस मी आईबरोबर गेले. पहिल्याच सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काल आला नाहीत. सुट्ट्या बऱ्याच असतात हो आपल्याला." आवाज अगदी शांत. मी पहिल्यांदाच आले होते, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही. आई एक मजला खाली होती. तिने ऐकलं असणार. तिने मला वर हाक मारून एवढंच विचारलं की बादली नीट उपडी केली का.

शेडमध्ये आईने मला कागदाच्या ढिगाजवळ बसवलं. पिशव्या ती स्वतः सोडत होती, उघड्या हाताने. हातमोजे मिळालेले होते, पण मोज्यातून काच कळत नाही आणि घाम साठतो, म्हणून ते खिळ्याला टांगलेले असायचे. पॅड कसे येतात ते मी त्या दिवशी पाहिलं. काही गुंडाळलेले, बरेचसे नुसतेच, भाजीच्या देठांत, भातात, लहान मुलांच्या लंगोटांबरोबर. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस उन्हात राहिल्यावर त्याचा जो वास होतो, तो मी इथे लिहू शकत नाही. लिहिता येणार नाही असं नाही. लिहून तो पोचणार नाही. आई एकेक उचलून बाजूच्या पोत्यात टाकत होती आणि माझ्याशी रेशनच्या गव्हाबद्दल बोलत होती.

शेवटी तिने आमच्या घरची पिशवी घेतली. ती सकाळी निघताना आपला डबाही पिशवीत रिकामा करून आणायची. त्यातून नोकरीच्या जाहिरातींचं पुडकं निघालं, हिरव्या चिंधीची गाठ असलेलं. आईने ते बाकीच्यांसारखंच उचललं आणि पोत्यात टाकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. गव्हाचं बोलणंही थांबवलं नाही. मी कागदांकडे बघत राहिले. पाच वर्षं माझंही तीच उचलत होती.

त्या जूनमध्ये मी कॉलेजात गेले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. स्वारगेटला बस बदलायची, लवकर पोचायचं, मागच्या बाकावर बसायचं. कॉलेजच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा नव्हता. दिवसा बदललेलं पॅड पिशवीत, पिशवी दप्तरात, असं दोन बसमधून घरी यायचं. आणि घरी आणून कुठे टाकायचं, तर आईच्या हातात. आठ दिवसांच्या त्या कामानंतर मला डब्याचं झाकण उघडवत नसे. मी दुहेरी, तिहेरी गुंडाळायला लागले. जणू कागद वाढवला की हात बदलणार होते.

दुसऱ्या वर्षी मुलींसाठी एक कार्यक्रम झाला. एक डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी शरीराची प्लास्टरची प्रतिकृती आणली होती आणि रबरासारखा एक छोटा कप. तो दुमडून आत कसा बसवायचा, दिवसातून दोनदा रिकामा करून कसा धुवायचा, दर पाळीच्या आधी आणि नंतर पाण्यात पाच-दहा मिनिटं कसा उकळायचा, हे सगळं त्यांनी न लाजता दाखवलं. एकच कप कितीतरी वर्षं चालतो म्हणाल्या. मुली हसत होत्या, मोबाईलवर फोटो काढत होत्या. मग बाई म्हणाल्या की तुम्ही टाकलेलं पॅड संपत नाही, ते कुणीतरी हाताने वेगळं करतं, हे लक्षात ठेवा.

माझ्या शेजारी बसलेली मुलगी कुजबुजली, "ईऽ, यार, कोण करत असेल असलं काम."

मला उत्तर माहीत होतं. मी वहीत लिहीत असल्यासारखं केलं.

त्या दिवशी कप सवलतीत मिळत होते. मी घेतला. कशासाठी घेतला हे मला तेव्हा अगदी स्पष्ट होतं. पृथ्वी वाचवायला नाही. एक पुडकं कमी व्हावं म्हणून.

वापरणं सोपं नव्हतं. डॉक्टर बाईंच्या प्रतिकृतीला दाराची कडी मोडलेली नव्हती. गल्लीच्या संडासात एका पायाने दार धरून, एका हाताने पाण्याचा डबा सांभाळून ते जमणं शक्यच नव्हतं, म्हणून मी आई कामावर गेल्यावर मोरीत प्रयत्न करायचे. पहिल्या महिन्यात बसलाच नाही. दुखलं, रडू आलं, पुन्हा पॅड घेतलं. दुसऱ्या महिन्यात बसला असं वाटलं आणि स्वारगेटच्या फलाटावर गळाला. मी दप्तर मागे धरून बससाठी उभी राहिले. तिसऱ्या महिन्यात कधीतरी तो आत उमलल्याचं मला कळलं, आणि मग दिवसभर काहीच कळलं नाही. संध्याकाळी मोरीत तो काढला, रिकामा केला, पाणी ओतलं. पुडकं नव्हतं. डब्यात फक्त कांद्याची सालं. मी झाकण उघडून दोनदा पाहिलं.

आईला सांगायचं होतं. पण कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये मी बघितलं, हेच आम्ही एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. चांगला दिवस बघून सांगू, असं म्हणत मी पुढे ढकलत गेले. तिच्या लक्षात आलं असेलच की पुडकी येत नाहीत. तिने विचारलं नाही. आता वाटतं की तिला काळजी वाटली असेल. तेव्हा वाटलं नाही.

उकळायला मी माळ्यावरचं एक कान तुटलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. घरात कुणी ते वापरत नव्हतं. आईच्या चहाच्या भांड्याला हात लावायचा नाही, हे मी ठरवलंच होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता. आई यायच्या आधी, दुपारी, शेगडीवर पातेलं ठेवायचं, पाच मिनिटं उकळू द्यायचं, पाणी मोरीत ओतायचं, पातेलं घासून पुन्हा माळ्यावर. चार-पाच महिने असं चाललं.

मग एके दिवशी आई दीडलाच आली. काचेने तिचा अंगठा चिरला होता आणि जोडीदारणीने तिला घरी पाठवलं होतं. अंगठ्याला फडकं गुंडाळून ती दारात उभी राहिली तेव्हा पातेल्यात कप वरखाली होत होता.

तिने विचारलं, काय शिजतंय. मी गॅस बंद केला आणि सांगायला सुरुवात केली. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम आलं. कप म्हणजे काय, कसा वापरतात, डॉक्टर बाई काय म्हणाल्या. आता माझं पुडकं तुझ्या हाती येत नाही, हे मी तुझ्यासाठी केलं, हेही मी सांगितलं. ते मला सगळ्यात शेवटी सांगायचं होतं. ते सांगताना मला हसू येत होतं.

आई दारातून आत आली नाही. अंघोळ झाली नव्हती ना. ती तिथूनच शेगडीकडे बघत होती.

"शेगडीवर," ती म्हणाली.

मी म्हटलं, पातेलं वेगळं आहे. मग मी म्हणू नये ते म्हटलं. कार्यक्रमातलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"आई, पाळीचं रक्त घाण नसतं."

"नसंल," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजात नसंल. माझ्याकडं तिसऱ्या दिवशी येतं, पिशवीत कोंडून."

मी काहीतरी बोलणार होते. तिने हात वर केला, फडकं गुंडाळलेला.

"सकाळपास्नं तेच करते. घरी आले की ही एवढी शेगडी असती. हितं तरी ते नव्हतं."

मग ती मोरीत गेली. अंगठा पाण्यात घालता येत नव्हता म्हणून अंघोळीला वेळ लागला. मी पडद्याबाहेर उभी राहून म्हटलं की मी तुझ्यासाठीच केलं होतं. आतून तांब्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुझं मला कधी जड झालं, बाय? लेकीचं कुणाला जड हुतं?"

बाहेर आल्यावर तिने पावडर घेऊन शेगडी धुतली. बर्नर काढून धुतले, ओटा धुतला, मागची फरशी धुतली. मी करते म्हटलं तर नको म्हणाली. एका अंगठ्यावर फडकं असताना एका हाताने तिने ते सगळं केलं. पातेलं दुसऱ्या दिवशी भंगारात गेलं. कप तिने फेकला नाही. मोरीच्या कोनाड्यात, माझ्या ब्रशच्या डब्याशेजारी ठेवला.

मी नंतर पाणी तापवायच्या कांडीने मोरीतच डब्यात कप उकळायला लागले. त्याला तिची ना नव्हती. मोरीत काय ते कर, म्हणाली. पण ती आली की मी चहा ठेवायचे, ते बंद झालं. मी उठले तर म्हणायची, बस तू, अभ्यास कर. आणि चहा ठेवण्याआधी ती रोज शेगडी पुसायला लागली. महिन्याचे तीसही दिवस.

मला राग आला. ते लिहायला हवं. मी इतकं करून, इतकं सोसून, शेवटी मीच घाण ठरले, असं मला वाटायला लागलं. कॉलेजात शिकवत होते त्यातले शब्द मला घरात लागू पडताना दिसायला लागले. अज्ञान, रूढी, संस्कार. रोज ती शेगडी पुसताना मी पुस्तकातून मान वर करून बघायचे आणि मनात म्हणायचे, हाच तो विटाळ.

त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आमच्या मराठीच्या मॅडमनी मुलींकडून लेख मागवले. कार्यक्रमात कप घेतलेल्यांपैकी कुणी अनुभव लिहील का, असं विचारलं. मी कधी हात वर करत नसे, तेव्हा केला. लेख एका बैठकीत लिहिला. तो मला अजून पाठ आहे आणि तसा तो नसता तर बरं झालं असतं. त्यात मी लिहिलं होतं: 'माझी आई अशिक्षित आहे. तिच्या मनात विटाळाची कल्पना अजून घट्ट रुजलेली आहे. मी शेगडीवर कप उकळला म्हणून तिने सारी शेगडी धुऊन काढली आणि पातेलं फेकून दिलं. पण मी हार मानणार नाही.'

सगळं खरं होतं. पातेलं गेलं होतं, शेगडी धुतली होती. फक्त ती सकाळी सहापासून काय करते, हे त्यात नव्हतं. लिहिलं असतं तर दोन ओळींत सगळं उलगडलं असतं. पण मग वर्गातल्या सगळ्यांना कळलं असतं. पाळीबद्दल शंभर मुलींसमोर बोलायला मी शिकले होते. कचऱ्याबद्दल नाही. त्यापेक्षा आईला अडाणी म्हणणं मला सोपं गेलं. भाकरीचा तो दिवसही मी लिहिला नाही, कारण तो लेखात बसत नव्हता.

मॅडमना लेख आवडला. माझा फोटो घेतला. तिरकस चौकटीत तो छापून आला, वर माझं नाव, खाली वर्ग. कार्यक्रमात शेजारी बसलेल्या त्या मुलीने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं की मी खूप बोल्ड आहे. मी अंक घरी नेला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात एका मोठ्या शब्दकोशाच्या मागे सरकवून ठेवला. वाटलं, झालं.

अंक प्रत्येक विद्यार्थ्याला मिळतो. प्रत्येक विद्यार्थ्याचं घर कुठल्यातरी सोसायटीत असतं. आणि गुळगुळीत कागदाचे अंक फार दिवस कुणी ठेवत नाही. हे मला कळायला हवं होतं. सबंध वर्गात ते कळायला हवं होतं असं कुणी असेल तर मीच.

सुट्टी लागली होती. आई नेहमीसारखी तीनला आली, मोरीत गेली. पण आत जाण्याआधी तिने पायरीवर काहीतरी ठेवलं, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत घातलेलं. अंघोळ केली, लिंबू चोळलं, बोटांचा वास घेतला. मग पायरीवरून पिशवी उचलली, ती पिशवी बाहेरच ठेवली आणि आतला अंक फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवला. कोपरा ओला होऊन फुगला होता. मुखपृष्ठावर चहाचा गोल डाग होता.

तिने सांगितलं की शेडमध्ये गुळगुळीत कागद वेगळा काढताना पान उलटलं गेलं आणि माझा फोटो दिसला. जोडीदारणीला दाखवला. तिने पाठ थोपटली, म्हणाली, लेक छापून आली. दोघींनी काम थांबवून पोत्यावर बसून वाचायला घेतलं. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने म्हणत वाचते. जोडीदारणीला वाचता येत नाही, त्यामुळे आईनेच वाचून दाखवलं. मी मनात ते बोट कुठल्या शब्दावर पोचलं असेल ते मोजत होते. 'अशिक्षित' तिला सहज वाचता आला नसणार. जोडाक्षर आहे.

आई रागावलेली नव्हती. मला ती रागावायला हवी होती. ती माझ्यासमोर फरशीवर बसली, ओले केस तसेच, आणि तिने खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

"विटाळ कधी पाळला गं मी?"

मी खाली बघत होते.

"तुला कोपऱ्यातनं उठवली होती ना मी?"

मी मान हलवली.

"मग हितं काय लिवलंस?"

मी म्हटलं, चुकलं. फार हळू म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती अंकाचं ते पान हाताने सरळ करत होती, ओला कोपरा बोटाने दाबून बसवत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "माझं काम लिवलं न्हाईस." हा प्रश्न नव्हता. त्याचं उत्तर तिला माहीत होतं. मग ती उठली, शेगडी पुसली, चहा ठेवला. एक पेला माझ्यापुढे सरकवला. आम्ही चहा प्यालो. तिच्या जोडीदारणीने तो लेख ऐकून काय म्हटलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंक परत घेऊन गेली. मी जागी होते. दारात तिला म्हणाले की राहू दे, मी ठेवते. ती म्हणाली, "कशाला? गुळगुळीत कागद हाय, त्याचा ढीग वेगळा असतो." त्यात टोमणा होता की ती नुसतं सांगत होती, हे मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर मी मॅडमना भेटले. लेखात चूक झाली आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती देता येईल का, असं विचारलं. कसली चूक म्हणाल्या. मी आईच्या कामाचं सांगितलं. कॉलेजात पहिल्यांदाच. मॅडमनी चष्मा काढला, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्या मनापासून हळहळल्या. आणि मग म्हणाल्या की यावर तर तू लिहायलाच हवंस, पुढच्या वर्षी लिही, आईचं मत हळूहळू कसं बदलत गेलं यावर. फार प्रेरणादायी होईल. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आईचं मत बदलण्यासारखं नव्हतंच. त्या हो हो म्हणाल्या. मी लिहिलं नाही. दुरुस्ती आली नाही.

आता मी येरवड्याच्या बाजूला एका खोलीत राहते, नोकरी करते. कप तोच आहे, थोडा पिवळा पडलेला. मोरीच्या फळीवर एक छोटी विजेची किटली ठेवली आहे, ती फक्त त्याच्यासाठी. खोलीत शेगडी आहे, तिच्यावर ते कधीच नेलं नाही. आता तिथे मला रोखणारं कुणी नाही, तरीही नाही. आई अजून काम करते. आता तिच्या पोत्यात माझं काही नसतं. बाकी सगळ्यांचं असतं.

महिन्यातून एकदा ती सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. त्या दिवशी कामावर गेलेली नसते, घरून अंघोळ करून निघालेली असते, तरी आल्या आल्या मोरीत जाऊन हात धुते आणि वास घेते. मागच्या वेळी ती आत असताना मी चहा ठेवला. बऱ्याच दिवसांनी ती मला ठेवू देते आहे, असं मला वाटलं. ती बाहेर आली, शेगडीवरच्या पातेल्याकडे एकदा बघितलं आणि खुर्चीवर बसली.

मी म्हटलं, "हे चहाचंच आहे, आई. दुसऱ्या कशाला वापरत नाही."

"मी इचारलं का काही?" ती म्हणाली.

मी चहा गाळून पेला तिच्या हातात दिला. तिने पदराने पेल्याची कड पुसली आणि ती चहा प्यायली. कड ती आधीपासूनच पुसायची का, हे मी आठवून पाहते आहे. आठवत नाही.